वर कोणाचं नाव

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं, याबद्दल आजूबाजूच्या माणसांची मतं फार ठाम असतात. हिरोला कोणी सांगितलं सकाळी चालायला जा, कोणी सांगितलं कुंड्यांत झाडं लावा, आणि शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर स्वतःच्या घरचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला त्याला रोज हाक मारायला सुरुवात केली. हिरोनं यातलं काहीच केलं नाही. तो पायथन शिकला.

हिरो हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर तो एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात होता. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पत्र पुढच्या टेबलाकडे सरकवायचं. अशा माणसाला एरवी कोणी हिरो म्हणत नाही. पण कचेरीत एक हौशी नाटकमंडळी होती, तिच्या एका नाटकात तो नायक झाला होता, आणि तेव्हा चिकटलेलं नाव पुढं केस गेले, दोन दाढा गेल्या, तरी गेलं नाही. बायको तेवढी त्याला 'अहो' म्हणे. त्या 'अहो'मध्ये तो नायक आहे की नाही, याबद्दल तिचं मत काय ते त्याला लग्नापासून आजपर्यंत कळलं नव्हतं.

पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. सूनबाईंचा पोटापाण्याचा धंदाच तो. तिनं बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर अगदी ताजं पायथन घालून दिलं आणि म्हणाली, "बाबा, अडलं तर मला विचारा हं." आता सुनेला विचारायचं म्हणजे काय? ज्यानं कचेरीत भल्याभल्या साहेबांची पत्रं 'सहीविना आली' म्हणून परत पाठवली, तो सुनेला विचारेल? त्यानं रद्दीवाल्याकडून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्याला कव्हर नव्हतं, पहिली काही पानंही नव्हती, त्यामुळे ते कधी छापलं हे कळायला मार्ग नव्हता. हिरोला त्यात वावगं वाटलं नाही. ज्ञान म्हणजे काय दूध आहे का, नासायला?

अशा सुखाच्या दिवसांत मास्तरांचा फोन आला.

मास्तर म्हणजे नाटकमंडळींचे दिग्दर्शक. ऐंशी ओलांडली होती, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. फोन कानापासून वीतभर लांब धरून हिरोनं ऐकलं.

"आपला हॉल पाडतायत. महिनाअखेरीला कुलूप लागणार. त्याआधी आपल्या नाटकाचा पहिला अंक त्या स्टेजवर एकदा करायचा. सगळ्यांना गोळा कर."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. खलनायक नसेल तर मी पाऊल ठेवणार नाही," म्हणाले मास्तर, आणि फोन ठेवून दिला.

हिरो बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसला. तो हॉल म्हणजे कचेरीच्या क्लबचा हॉल. काम सुटलं की सगळे तिथं जमत. खुर्च्या भिंतीला लावून तालमी चालत. चहा गार होई आणि तोच गार चहा सगळे पीत. सेटवर एकच दार होतं, तेही अडकायचं, आणि नायकानं खांद्यानं धक्का मारून आत यायचं असं मास्तरांनी शेवटी संहितेतच घालून टाकलं होतं. रंगवलेल्या कापडाचा, पावडरीचा आणि गंजलेल्या दिव्यांचा असा एक वास त्या हॉलमध्ये होता, की तो नुसता आठवला तरी हिरोला आपल्या डोक्यावर केस असल्यासारखं वाटे.

आणि तिथंच ते भांडण झालं होतं.

खलनायक हा कचेरीतला रोखपाल. नाटकात खलनायक, एरवी इतका मऊ माणूस की टेबलावर माशी बसली तर तिची उठायची वाट बघेल. तो आणि हिरो जिवाभावाचे दोस्त. दोघांचा डबा एक, छत्री एक, साहेबांविषयीचं मतही एक. तर तीसेक वर्षांपूर्वी नाटकाचं छापील पत्रक निघालं. त्यात हिरोचं नाव सगळ्यात वर ठसठशीत, आणि खलनायकाचं नाव नेमकं कागदाच्या घडीवर. घडी घातली की नाव गुडूप. छापखान्यात हिरो गेला होता. खलनायकाला वाटलं, मुद्दाम केलं. हिरोला वाटलं, ज्याला असं वाटू शकतं त्याला खुलासा कसला द्यायचा? झालं. दुसऱ्या दिवशी खलनायक म्हणाला, "आपला पेन इथं राहिलाय." काल संध्याकाळपर्यंत 'अरे गाढवा' म्हणणारा माणूस आज 'आपला पेन' म्हणतो, म्हणजे काय समजायचं ते हिरो समजला. तोही म्हणाला, "आपले आभार." तेव्हापासून दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होते, आणि त्या सभ्यपणानं नाटकमंडळी मोडली.

हिरोनं पहिल्यांदा हॉल गाठला. तिथला व्यवस्थापक तरुण होता, पण टेबलामागं बसला की वय वाढतं तसं त्याचं वाढलं होतं. त्यानं अर्ज पुढं सरकवला.

"सोबत कलाकारांची नावं जोडा. तीन प्रती. नावं क्रमानं हवीत, आणि प्रत्येकानं आपल्या नावापुढं सही करायची, की मला या क्रमाबद्दल हरकत नाही."

"क्रमाबद्दल? असा कुठं नियम असतो का?"

"इथं आहे," व्यवस्थापक म्हणाला. "पूर्वी कुठल्यातरी नाटकवाल्यांत नावांच्या क्रमावरून भांडण झालं होतं म्हणे. प्रकरण पार वरपर्यंत गेलं. तेव्हापासून आहे."

हिरोनं ते कुठले नाटकवाले असं विचारलं नाही. तो अर्ज घेऊन मुकाट्यानं बाहेर पडला.

आता झाली पंचाईत. क्रम लावल्याशिवाय हॉल नाही, आणि क्रम लावला की भांडण ठरलेलं. हिरोच्या मनात मात्र हॉलपेक्षा एकच गोष्ट घोळत होती. खलनायक आपल्या घरी येईल, समोर बसेल, सही करेल, आणि कदाचित त्या भरात एकदा तरी 'अरे' म्हणेल. तेवढ्यासाठी तो काय वाटेल ते करायला तयार होता. फक्त माफी मागायला तयार नव्हता, कारण त्यानं काही केलंच नव्हतं.

उत्तर त्याला पुस्तकात सापडलं. पायथनमध्ये डिक्शनरी म्हणून एक प्रकार असतो. डाव्या बाजूला नाव घालायचं, उजव्या बाजूला त्याची माहिती. नाव विचारलं की माहिती मिळते. आणि त्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं की डिक्शनरीतल्या नोंदींना कसलाही क्रम नसतो, त्या कोणत्याही क्रमानं बाहेर येतील, त्यावर कोणी विसंबू नये.

हिरो खुर्चीतून उठलाच. कसलाही क्रम नसतो! यात सगळ्यांची नावं घालायची, सगळ्यांसमोर कळ दाबायची, आणि जो क्रम येईल तो छापायचा. यंत्राला ना दोस्त, ना वैरी. हेच नंतर स्टेजवरच्या पडद्यावर झळकवायचं. आवक-जावक विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाला यापेक्षा निःपक्षपाती काही सुचणं शक्य नव्हतं.

त्यानं दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, नावं घातली. पहिलं 'हिरो', पुढं 'नायक'. हे आपलं सवयीनं. मग 'हिरॉईन', पुढं 'नायिका'. मग 'मास्तर', 'दिग्दर्शक'. मग मधले दोघंतिघं, ज्यांची कामं किरकोळ होती पण मिश्या मोठ्या होत्या. खलनायकाचं नाव घालायला त्याचं बोट काही केल्या जाईना. तो उठला, पाणी प्यायला, खिडकी लावली, उघडली, आणि मग शेवटी एकदाचं ते नाव घातलं. घरभर शांतता होती. बायको स्वयंपाकघरात कसलातरी डबा शोधत होती.

"काय चाललंय अहो?"

"न्याय," हिरो म्हणाला.

"झाला की दिवे बंद करा," ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. कळ दाबून बघितली नाही. बंद पाकिटावर शिक्का मारण्याआधी ते उघडून पाहायचं नाही, ही त्याच्या विभागाची शिस्त. आधी बघितलं तर तो न्याय कसला?

रविवारी सगळे जमले. हिरॉईन बाई आल्या. त्या आता आजी झाल्या होत्या, पण बसताना अजूनही प्रेक्षकांकडे तोंड करून बसत. मिश्यावाले आले, मिश्या नव्हत्या. मास्तरांनी पाय दुखतो म्हणून निरोप पाठवला, की निकाल लागल्यावर कळवा. सगळ्यात शेवटी खलनायक आला. दारात उभा राहून म्हणाला, "आत येऊ का?"

"यावं, यावं. आपलंच घर आहे," हिरो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडचं ते 'यावं' त्याला परकं वाटलं. पूर्वी हाच माणूस दार न वाजवता सरळ स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडायचा.

बायकोनं चहा फिरवला. हिरोनं छोटंसं भाषण केलं. त्यात यंत्र, माणूस, पूर्वग्रह आणि आवक-जावक विभाग हे सगळं आलं. शेजारचे हेडमास्तर बोलावलेलं नसताना मध्यभागी बसले होते, ते मान डोलवत होते. मग हिरोनं कळ दाबली.

पडद्यावर पहिलं नाव आलं, 'हिरो'. दुसरं 'हिरॉईन'. तिसरं 'मास्तर'. सगळ्यात खाली, 'खलनायक'.

हिरो हसला. "योगायोग! पुन्हा दाबू या. आता बघा कसं उलटंपालटं होतं ते."

पुन्हा दाबलं. पुन्हा हिरो वर, खलनायक खाली. तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्यांदा दाबताना त्यानं कळ जरा जोरात दाबली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. नावं जागची हलली नाहीत.

खलनायकानं कप खाली ठेवला. "तेव्हा छापखान्यानं केलं होतं," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आता कॉम्प्युटर करतोय. आपलं आणि यंत्रांचं चांगलं जमतं." आणि तो उठून गेला. दार त्यानं हळू लावलं. आपटलं असतं तर हिरोला बरं वाटलं असतं.

बाकीचेही गेले. बायको पडद्याकडे एकदा बघून कप गोळा करत राहिली.

संध्याकाळी सूनबाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि तिला हसू आवरेना. "बाबा, हे पुस्तक माझ्या शाळेच्या दिवसांतलं असेल! हे तेव्हा खरं होतं. आता पायथनमधली डिक्शनरी क्रम सांभाळते. ज्या क्रमानं तुम्ही नावं आत घातलीत, त्याच क्रमानं ती बाहेर येतात. जो आधी आत आला, तो आधी."

"म्हणजे आवक क्रमांक?" हिरोनं खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"तसंच समजा."

ज्या माणसानं जन्मभर आलेल्या क्रमानं शिक्के मारले, त्यालाच हे ओळखता आलं नाही, याचं हिरोला फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याच्या मनात कोण कुठल्या नंबरवर आहे, ते त्यानं सगळ्यांना बोलावून, चहा पाजून, चार वेळा दाखवलं होतं.

पुढचा आठवडा हिरोनं क्रम लावण्यात घालवला. हेडमास्तर म्हणाले, सोपं आहे, हजेरीसारखी अक्षरानुक्रमानं लावा. तशी लावली तर हिरॉईन बाई तळाला गेल्या. त्यांचा फोन आला, की शाळेतही माझा नंबर शेवटी असायचा आणि खाऊ संपलेला असायचा, ते दुःख पुन्हा नको. वयानुसार लावावी, तर वय सांगायला त्यांची ना नव्हती, पण कोणतं सांगायचं हे ठरेना. मग हिरोनं मोठं मन केलं. स्वतःलाच शेवटी टाकायचं! त्यानं आपल्या नावापुढचं 'नायक' खोडून 'एक कलाकार' केलं. नाव जागचं हललं नाही, वरच राहिलं, फक्त विनम्र दिसू लागलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, नुसती माहिती बदलली तर जागा बदलत नाही. नाव पूर्ण काढा आणि पुन्हा घाला, म्हणजे ते शेवटी जाईल." त्यानं स्वतःला काढलं, पुन्हा घातलं, आणि शेवटी बसवलं. तो क्रम त्यानं सगळ्यांना कळवला.

तासाभरात एका मिश्यावाल्याचा फोन. "वा! म्हणजे सगळ्यांची नावं झाली की मग 'आणि'! आणि 'आणि' नंतर तुम्ही! मोठ्या नटांचं नाव शेवटीच असतं, आम्हाला काय कळत नाही होय?"

हिरोनं फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. महिनाअखेर जवळ आली होती. त्यानं बायकोला सांगितलं, "राहू दे. नाही होत आपल्याच्यानं. हॉल जाईल, आणि तोही गेलाच." तो म्हणजे कोण हे बायकोनं विचारलं नाही. तिनं हात पुसले, आणि मास्तरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आले. दुखऱ्या पायानं, काठी टेकत. आणि येताना खलनायकाला हाताला धरून आणलं. सगळ्यांना पुन्हा बोलावणं गेलं. दिवाणखान्यात बसल्याबरोबर मास्तरांनी काठी आपटली.

"गाढवांनो, नाटकात नावं लावायची पद्धत एकच. प्रवेशाचा क्रम. जो स्टेजवर आधी येतो, त्याचं नाव आधी. मी तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही भांडणात ऐकण्यासारखे होतात कुठं?"

सगळे विचारात पडले. हिरो सगळ्यात जास्त पडला. कारण पहिल्या अंकभर बाकीचे लोक नायक येणार, येणार असं म्हणत असतात, आणि तो येतो पडदा पडता पडता. दाराला खांदा मारून. एकच वाक्य असतं त्याला, "मी आलोय." तालमींच्या त्या सगळ्या दिवसांत आपण अंकभर विंगेत उभे असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वाटे, नाटक आपल्यापासून सुरू होतं.

"मग पहिला मी," खलनायक म्हणाला. "पडदा वर जातो तेव्हा खुर्चीत मी असतो."

"त्याआधी आतून माझं हसणं ऐकू येतं," हिरॉईन बाई म्हणाल्या.

"हसणं म्हणजे एंट्री नव्हे," मास्तर म्हणाले. "आणि तू खुर्चीत नसतोस, तू येऊन बसतोस. वाद नको. करून दाखवा. हे स्टेज, ते दार. पडदा वर गेलाय समजा."

सोफा मागं सरकवला गेला. मध्ये एक खुर्ची आणि तिपाई. म्हातारी माणसं भिंतीला लागून उभी राहिली, आणि नवल म्हणजे प्रत्येक जण आपोआप आपापल्या विंगेत गेला. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. हिरॉईन बाई आतून हसल्या. हसणं पूर्वीचंच होतं, नंतर खोकला तेवढा नवा. खलनायक पाठीला बाक काढून, मान तिरकी करून, त्याच्या त्या जुन्या मांजरासारख्या चालीनं आत आला. खलनायक खुर्चीपाशी आला आणि थांबला.

"बस की," मास्तर म्हणाले.

"बसतो कसा?" खलनायक गोंधळून म्हणाला. "खुर्ची अजून पुसलेली नाही."

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको आली. हातात घरातला बॅटरीचा दिवा होता, खांद्यावर फडकं. खाली बघत, घाईघाईनं नव्हे आणि रेंगाळतही नाही, ती तिपाईपर्यंत गेली. दिवा ठेवला. जरासा डावीकडे सरकवला. फडक्यानं खुर्चीची पाठ पुसली, मग बैठक, मग एकदा हात. खिडकीकडे बघून एक क्षण थांबली, जणू बाहेर कोणाची चाहूल लागली. मग आली तशीच आत गेली.

खलनायक खुर्चीत बसला.

कचेरीत टायपिस्ट होती ती. नाटकात मोलकरीण, एक शब्द नसलेली. लग्नाआधी तालमीनंतर हिरो तिला घरापर्यंत सोडायला जाई, आणि वाटेत ती त्याची वाक्यं म्हणून घेई. स्वतःची तिला नव्हतीच. पण तिची प्रत्येक हालचाल तिला अजून पाठ होती, आणि त्याला ती नाटकात होती हेसुद्धा आठवलं नव्हतं. डिक्शनरीत त्यानं मिश्या घातल्या होत्या. तिला घातलं नव्हतं. त्याला एकदम बसावंसं वाटलं, पण सगळ्या खुर्च्या भिंतीला होत्या.

"पत्रकात तेव्हा हिचं नाव कुठं होतं रे?" मास्तरांनी हळू आवाजात विचारलं. हळू म्हणजे शेजारच्या घरी न जाणाऱ्या.

"'आणि इतर'मध्ये," हिरॉईन बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "इतर म्हणजे ती एकटीच होती."

खलनायक खुर्चीतून उठला. "माझं नाव घडीत गेलं म्हणून मी तीस वर्षं धरून बसलो," तो म्हणाला. "वहिनींचं तर कागदावरच नव्हतं."

"अहो, चहा टाकलाय, उतू जाईल," आतून आवाज आला. "तुमचं ठरलं की सांगा."

हिरोनं टॉवेल काढून कॉम्प्युटर सुरू केला. तिचं नाव घातलं. ते तळाला गेलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा तळाला. त्यानं या खेपेला मान न वळवता हाक मारली, "सूनबाई, जरा सांगतेस का?"

सूनबाई आली. "बाबा, नवीन नोंद नेहमी शेवटीच जाते. मध्येच पुढं घुसवायची सोय नाही. सगळ्यांना बाहेर काढा, आणि मग हव्या त्या क्रमानं एकेकाला आत घ्या."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुम्हालाही."

हिरोनं डिक्शनरी रिकामी केली. मग मास्तरांचा हुकूम झाला, की जो ज्या क्रमानं स्टेजवर येतो, त्यानं त्या क्रमानं यावं आणि आपलं नाव आपण घालावं, म्हणजे पुढं तक्रार नको. बायकोला आतून बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि पडद्याकडे बघत, कळांकडे ढुंकूनही न बघता, दहाही बोटांनी नाव आणि पुढं 'मोलकरीण' असं घालून मोकळी झाली. हिरो बघतच राहिला. एकेक अक्षर शोधत त्यानं महिने काढले होते, आणि घरात टायपिस्ट होती.

मग खलनायक गेला. त्याच्यामागून हिरॉईन बाई, मग मिश्यावाले. मास्तर म्हणाले, मी स्टेजवर येत नाही, माझं नाव नको. तेव्हा सगळ्यांनी ओरडून त्यांना बसवलं. हिरो शेवटी गेला. दोन बोटांनी नाव घालताना त्याच्या खांद्यावर मागून एक हात पडला.

"अरे गाढवा," खलनायक म्हणाला, "शेवटी आलास तर आलास. आता 'आणि' पण तूच घेणार?"

हिरोनं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता, तरी बराच वेळ पुसला. मग म्हणाला, "तुझा पेन माझ्याकडे अजून आहे. चालत नाही, पण आहे."

"पेन तुझाच होता रे, मीच आणून दिला होता!"

यावर दोघांत पेन कोणाचा यावरून चांगलं अर्धा तास भांडण झालं. तू-मीच्या भाषेत, हातवारे करून. बायकोनं चहा पुन्हा गरम केला.

व्यवस्थापकानं नावं वाचली, सह्या मोजल्या, आणि वरच्याच नावावर बोट ठेवलं. "मोलकरीण? आणि हे पहिलं? यांना वाक्यं किती?"

"एकही नाही," हिरो म्हणाला.

"मग यांचं नाव सगळ्यात वर कसं?"

खलनायक पुढं झाला. मान तिरकी करून, नाटकातल्या आवाजात म्हणाला, "त्यांनी खुर्ची पुसल्याशिवाय मी बसत नाही." व्यवस्थापकानं शिक्का मारला. शिक्का तिरका पडला, ते बघून हिरोला राहवलं नाही, पण खलनायकानं त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

अंकाच्या दिवशी हॉल भरला नाही, पण अर्ध्याहून जास्त भरला. जुने लोक आले होते, त्यांची मुलं आली होती, आणि हेडमास्तर पहिल्या रांगेत मध्यभागी होते. वास तोच होता. सूनबाईंनी नावं पडद्यावर सोडली. हिरो विंगेत उभा होता. त्याचा प्रवेश यायला अजून सबंध अंक होता, पण तो सगळ्यात आधी तयार होऊन येऊन उभा राहिला होता. विंगेतून पडदा दिसत नव्हता, फक्त त्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडलेला दिसत होता.

मागून बायको आली. हातात दिवा, खांद्यावर फडकं.

"लागली का नावं?" तिनं विचारलं.

"लागली."

"वर कोणाचं आहे?"

"जी आधी आत आली तिचं."

तिनं फडकं नीट केलं. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "अहो, मग सरका की. वाटेत उभे आहात."

हिरो सरकला, आणि नाटक सुरू झालं.